सातशे त्रेचाळीसातला शेवटचा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कॅमेरा गेला. मामंजींचा.

दुरुस्तीवाले म्हणाले, आतला पडदा फाटला. टीचभर काळं कापड ते, त्याच्यामागे रोल बसतो. मी म्हटलं, "मी शिवून देते, घरात काळं अस्तर आहे." ते हसले नाहीत. माणूस भला आहे. म्हणाले, "ताई, पडदा शिवाल, पण रोल कुठून आणाल? आणि आणलात तरी धुणार कोण? धुणारा शेवटचा होता, तो गेल्या महिन्यात दुकान आवरून मुलाकडे राहायला गेला."

फाटक्या पडद्यातून उजेड शिरला आणि यंदाचे बत्तीस फोटो गेले. फोटोंच्या वहीत बत्तीस ओळी आहेत, तारीखवार. फोटो एकही नाही.

आता नऊ डिसेंबरचं काय, याच विचाराने दिवसभर हातातली कामं उलटीपालटी झाली. लिहून काढलं की माझं डोकं जागेवर येतं, म्हणून लिहिते. नऊ डिसेंबर हा मामंजींचा वाढदिवस. सासूबाईंनी जाण्याआधी माझा हात धरून सांगितलं होतं, "कारकूनबाई, वर्षातून एकदा तरी माझी दोन्ही पोरं एका फोटोत मावली पाहिजेत." (मी हिशेब ठेवते म्हणून मामंजींनी हे नाव पाडलं, ते चिकटलं.) मी हो म्हटलं. देवापुढे म्हटलं. त्याला नऊ वर्षं झाली, नऊ फोटो झाले.

भाऊजी आणि आमचे हे, सख्खे भाऊ, दहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. घर एक, दारं दोन, मधे बोळ. भांडण शिडीवरून झालं. यांना शिडी हवी होती, भाऊजींनी दिली नाही. शिडी तेव्हापासून बोळात उभी आहे आणि तिला कुणी हात लावत नाही. बोळातला दिवा गेला की हे टेबलावर स्टूल आणि स्टुलावर डबा ठेवून चढतात. भाऊजींना तेही जमत नाही, ते बॅटरी घेऊन फिरतात.

फोटोला दोघे एकत्र उभे राहतात त्याचं कारण एवढंच, की वर्षाला रोल एक. त्यात फोटो छत्तीस. नऊ डिसेंबरला दोघेही म्हणतात, आमचा वेगळा काढ. मी म्हणते, एकच उरलाय. आणि खरंच एकच उरलेला असतो. खोटं मी बोलत नाही. नोव्हेंबरात दोनचार जास्त राहिलेत असं दिसलं, तर वाळत घातलेल्या चादरींचे काढून टाकते. चादर फोटोत वाईट येत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दुरुस्तीवाल्यांकडे तसलाच कॅमेरा निघाला, फक्त डिजिटल. कुणीतरी वापरून विकलेला. एका कोपऱ्याला घासलाय, पण कडकपणा तोच, वजन तेच. मामंजींच्या कॅमेऱ्याची काच काढून त्याला लावली तर खट्‌कन बसली, जशी काही तिथलीच. मामंजींचा डोळा तरी राहिला.

किंमत हिशेबाच्या वहीत लिहिली आहे. इथे पुन्हा लिहून दोनदा दुखवून घ्यायचं नाही.

डोळा लावायची खिडकीही तशीच आहे. खिडकीत मधोमध एक उजळ चौकोन असतो. त्यात माणूस दोन दिसतो, एक खरा आणि एक त्याचं भूत. काचेची कडी फिरवत गेलं की भूत हळूहळू माणसात शिरतं. पुरतं शिरलं की बटण दाबायचं. हे मला मामंजींनी शिकवलं. त्यांच्या दोन्ही मुलांना जमलं नाही. दोघेही भूत शिरायच्या आतच दाबून मोकळे.

नवीन काय त्या तीन गोष्टी. पाठीवर काडेपेटीएवढा पडदा आहे, त्यात फोटो लगेच दिसतो. दाबल्यावर पुढचा फोटो ओढून घ्यायची दांडी नाही. माझा अंगठा सारखा दांडी शोधत फिरतो. आणि काचेला झाकण आहे, दोरीने बांधलेलं. हे मला फार आवडलं. आमच्या घरात उघडं काही राहत नाही.

मी विचारलं, "यात फोटो किती?" त्यांनी आकडा दाखवला. ७४३.

"आणि संपले की?"

"संपत नाहीत हो ताई. पुसायचे आणि पुन्हा काढायचे."

घरी येताना वाटेत दोनदा थांबून आकडा पुन्हा पाहिला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

यांनी माझ्या माघारी कॅमेरा घेतला आणि अकरा फोटो काढले. सगळे काळे. मग दारात उभे राहून ओरडायला लागले, "फसवलं तुला! मेलेला कॅमेरा दिला! मला खिडकीतून सगळं लख्ख दिसतंय आणि फोटोत काळोख!"

ठकी ऑफिसातून आली (आमची लेक, पगार घेऊन घरी येते तरी ठकीच). तिने नुसतं पाहिलं आणि झाकण काढून बापाच्या हातात दिलं. या जातीच्या कॅमेऱ्यात खिडकी वेगळी आणि डोळा वेगळा. डोळा मिटलेला असला तरी खिडकीतून सगळं दिसतं. जुन्याचं झाकण मामंजींच्या वेळीच हरवलं होतं, त्यामुळे यांना काय माहीत?

मी हसले. फार हसले. पदर तोंडात धरावा लागला. हे दोन तास माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या घराण्यात ते सोपं असतं.

ठकी म्हणाली, "काळे पुसून टाकू?" मी हात धरला. नाही. जे झालं ते झालं. वहीत मी आजवर खाडाखोड केलेली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

व्हायचं तेच झालं. ठकीने कौतुकाने जाऊबाईंना कॅमेरा दाखवला आणि आकडाही सांगितला. संध्याकाळी जाऊबाई बोळातून आल्या. "कारकूनबाई, बरं झालं गं. आता तुझ्या ह्यांचा आणि आमच्या ह्यांचा वेगवेगळा काढ. सातशे आहेत म्हणे. दहा मिनिटं श्वास रोखून उभं राहायची शिक्षा सुटली. दोघांच्या मधे मी असते, मला विचार! एका कानात हा घुसमटतो, दुसऱ्या कानात तो."

आतून हे मोठ्याने म्हणाले, भिंतीला उद्देशून, "आमचंही तेच म्हणणं आहे म्हणावं."

बोळापलीकडून भाऊजींचा आवाज आला, "ऐकलं म्हणावं."

दहा वर्षांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, ते हे.

रात्री जेवण गेलं नाही. सासूबाईंना काय सांगू? गरिबी होती तोवर तुमची मुलं एकत्र होती, आता सुबत्ता आली? एकच उरलाय म्हणू, तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलून काढलेला फोटो भिंतीवर लावायचा तरी कसा.

निजण्याआधी देवापुढे दिवा लावताना सुचलं. एकच उरलाय म्हणायचं असेल, तर एकच उरला पाहिजे. बस. त्यात काय कठीण आहे? चादरींचं जे करत होते तेच करायचं, जरा जास्त.

आज आकडा ७२१ आहे (यांचे काळे अकरा गेले, माझे चांगले अकरा गेले). एक नऊ डिसेंबरसाठी ठेवला तर काढायचे सातशे वीस. उद्यापासून सात डिसेंबरपर्यंत दिवस वीस. वीस गुणिले छत्तीस सातशे वीस. बरोब्बर! रोज एक रोल! बाकी शून्य! हिशेब असा सुटला की देवाची संमती आहे असं समजावं.

राहिला प्रश्न पुसण्याचा. पुसता येतं हे मला ठाऊक आहे, मग एकच उरला हे खरं कसं? तर मी आजपासून पुसायचं नाही असं व्रत घेतलं. आता ते खरं झालं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

छत्तीस झाले. मी पहिल्याच दिवशी नियम करून टाकला, उगाच काही काढायचं नाही. फोटो वाया घालवायचा म्हणून काढला तर ते पाप. त्यापेक्षा घरातल्या एकूण एक वस्तूचा काढावा, म्हणजे मोजदाद होईल. प्रत्येकाची वहीत नोंद. आज स्वयंपाकघरातली वरची फळी झाली.

अडचण एक. तीन फुटांच्या आतलं याला दिसत नाही. जवळ गेलं की भूत माणसात शिरायचं नाव घेत नाही. त्यामुळे चमचा टेबलावर ठेवायचा आणि आपण दारापर्यंत मागे जायचं. फोटोत टेबल येतं मोठं आणि त्यावर चमचा, जणू काही रुसून बसलाय.

हे दारात उभे राहून बघत होते. "अगं, चमच्याचे फोटो काय काढतेस? चमचे कुठे पळून चाललेत?"

मी म्हटलं, "काम आहे."

"कसलं काम?"

"कॅमेऱ्याला सवय व्हायला पाहिजे."

हे खोटं नाही. मला सवय व्हायलाच हवी आहे.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

१४४ झाले. झाकणं सगळी झाली. आमच्याकडे भांडी कमी आणि झाकणं जास्त आहेत हे आज कळलं. सात झाकणांना भांडंच नाही. इतकी वर्षं मी कशावर काय झाकत होते?

दुपारी बॅटरी संपली. तीही नवीनच कटकट. मामंजींचा कॅमेरा वर्षानुवर्षं काही खात नव्हता. हा रोज जेवतो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

२८८. उजव्या तर्जनीला घट्टा पडलाय. आज भाजी लागली, कारण मी शिवणाच्या डब्यातली बटणं काढत होते. (बटणं सुटी काढली नाहीत, तसं केलं असतं तर महिना गेला असता. रंगावार काढली.)

हे जेवताना म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन येऊ या का आपण?"

"तुम्हाला काही होतंय?"

"मला नाही गं," म्हणाले, आणि करपलेलं निमूट खाल्लं. अलीकडे फार जपून बोलतात. बरं वाटतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

घर संपलं!

३९६ वर घर संपलं. उशा झाल्या, उशांचे अभ्रे झाले, बोळातली शिडी झाली, नळ झाले, ठकीच्या शाळेतल्या वह्या झाल्या, देवसुद्धा झाले (त्यांची परवानगी घेऊन). माझ्या घरात एकूण तीनशे शहाण्णव गोष्टी आहेत. संसार मोठा वाटायचा.

उरले तीनशे चोवीस. नऊ दिवस. रस्त्यावरचे काढावेत, तर रस्ता आपला नाही. शेवटी जाऊबाईंकडे गेले. म्हटलं, "जाऊबाई, तुमची भांडी जरा द्याल का? फोटो काढून लगेच देते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "भांड्यांचे?"

"भांडी, डबे, काय असेल ते. खुर्च्याही चालतील."

जाऊबाईंनी भांडी दिली, पण देताना चेहरा काही बरोबर नव्हता. घासून दिली होती, वास्तविक घासायची गरज नव्हती.

३० नोव्हेंबर, शनिवार

फार वाईट झालं.

भाऊजी आयुष्यभर कोर्टात कारकून होते. त्यांना यादी दिसली की दावा दिसतो. जाऊबाईंनी सांगितलं असणार, की कारकूनबाई दोन्ही घरांतल्या वस्तूंचे फोटो काढून नंबर घालून वहीत उतरवते आहे. सकाळी बोळात भाऊजींचा आवाज चढला.

"हा पंचनामा आहे! वाटणीची तयारी आहे! समोरच्या पार्टीने बायकोला पुढे केलंय!"

समोरची पार्टी तेव्हा दाढी करत होती. फेसासकट दारात गेली. "कुणाला म्हणताय म्हणावं? मला तर वाटलं हिला काही झालंय म्हणून मी गप्प होतो!"

"हे नाटक कोर्टात सांगावं म्हणावं!"

"कोर्टात तुम्हीच जाऊन बसलात म्हणावं जन्मभर!"

जाऊबाई आणि मी दोन दारांत उभ्या. "म्हणावं" कुणाला म्हणायचं ते कळत नव्हतं, दोघे इतक्या जोरात ओरडत होते की निरोप आधीच पोचत होता.

शेवटी भाऊजी म्हणाले, "नऊ तारखेला आम्ही येणार नाही. फोटो हाही पुरावा असतो." आणि दार लावलं. त्यांच्या अकरा डब्यांचे फोटो झाले होते, बाराव्याचा राहिला. डबा माझ्याच हातात राहिला.

म्हणजे सासूबाईंचा शब्द राखायला गेले आणि मीच मोडला. आज पहिल्यांदा देवाशी जरा तोडून बोलले.

तरी छत्तीस पुरे केले. आपल्याच घरातल्या वस्तू मागच्या बाजूने काढल्या. मागच्या बाजूची नोंद नव्हती.

२ डिसेंबर, सोमवार

५४०. यांना सगळं खरं सांगितलं. आकडा, वीस दिवस, व्रत, सासूबाई. हे माझ्या तर्जनीचा घट्टा बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुला काही झालेलं नाही?"

"नाही."

"एवढे सातशे फोटो, एक खोटं बोलायला नको म्हणून?"

"हो."

"अगं, ते खोटं मी बोललो असतो की!"

तुम्ही बोललेलं भाऊजी ऐकतात कुठे, असं मी म्हटलं. जेवण झाल्यावर माळ्यावरून एक जुनी पेटी काढून आणली. टेबल, स्टूल, डबा, सगळं रचून. "यातलं झालं नसेल तुझं," म्हणाले. सासूबाईंची पेटी. मला तिची आठवणच नव्हती.

सत्तर-ऐंशी वस्तू निघाल्या. हे एकेक पुसून टेबलावर ठेवत होते, मी दारातून काढत होते. एक शिट्टी निघाली. ती यांनी हातात धरली, फुंकली नाही, ठेवली.

५ डिसेंबर, गुरुवार

६४८. दुपारी मी फोटोंची वही घेऊन भाऊजींच्या दाराशी गेले. म्हटलं, "तुम्ही वाचून बघा. काही लपवायचं नाही." भाऊजींनी चष्मा लावून वही ठेवून घेतली, पावती देऊ का म्हणाले. मी नको म्हटलं. वही परत येईपर्यंत नोंदी सुट्या कागदावर.

७ डिसेंबर, शनिवार

आकडा १.

सातशे वीस झाले. शेवटचा माझ्या तर्जनीचा, डाव्या हाताने काढला. फार हलला आहे.

संध्याकाळी भाऊजी वही घेऊन आले. आमच्या दारात. आत नाही, उंबऱ्यावर. "कारकूनबाई, मी सगळी वाचली. यात मालकाचा रकाना कुठे आहे?"

"नाही भाऊजी. पानावर जागा पुरत नव्हती. आणि कुणाचं काय ते मला तरी कुठे माहीत आहे?"

"अठ्ठ्याऐंशी नंबरला 'गाळणं, जुनं' लिहिलंय. ते गाळणं नाही, बाबांच्या सायकलच्या दिव्याची जाळी आहे. दुरुस्ती करून घ्या." मग बराच वेळ वही उघडत मिटत राहिले. "तीनशे एकोणनव्वद. 'शिडी. बोळात.' एवढंच?"

"एवढंच."

"हं," म्हणाले. "नऊ तारखेला मी येईन. साक्षीदार म्हणून. खरोखर एकच उरलाय की नाही, ते समक्ष पाहायला."

इतके दिवस मी चहा गाळायला सायकलची जाळी वापरत होते तर.

८ डिसेंबर, रविवार

आज कॅमेऱ्याला हात लावला नाही. चुकून बटण दाबलं गेलं तर सगळं संपलं. झाकण घट्ट लावलं, धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि देवापुढे ठेवला. दर तासाने जाऊन पाहून आले. आकडा १ च आहे.

९ डिसेंबर, सोमवार

दुपारी चारला अंगणात. उजेड चांगला होता. भाऊजी कोट घालून आले, जाऊबाई नव्या साडीत, ठकीने अर्धी रजा टाकली. हे आधीच येऊन भिंतीला टेकून उभे होते.

भाऊजी आधी माझ्याकडे आले. "आकडा दाखवा."

दाखवला. चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहिला. "आहे. एकच आहे."

"ती खोटं बोलेल असं वाटलं होतं का म्हणावं?" हे भिंतीला म्हणाले.

उभे राहिले. भाऊजी, जाऊबाई, ठकी, हे. दोन भावांत दोन बायका आणि वर वीतभर हवा. मी खिडकीला डोळा लावला. कडी फिरवली. चौकोनात जाऊबाईंचं भूत होतं, ते शिरेना. मी म्हटलं, "जरा जवळ या ना सगळे. एकच आहे. हलला तर गेला."

तेव्हा भाऊजी म्हणाले, "बाळ्या, सरक इकडे. तिला नीट काढू दे."

बाळ्या म्हणजे हे. अठ्ठावन्न वर्षांचे. दहा वर्षांत त्यांना कुणी बाळ्या म्हटलं नव्हतं. हे सरकले.

भूत शिरलं. मी देवाचं नाव घेतलं आणि दाबलं. आकडा शून्य झाला.

सगळे पडद्याभोवती धावले. पडदा काळा.

"आई," ठकी म्हणाली, फार हळू. "झाकण."

मी खालीच बसले. वीस दिवस, सातशे वीस फोटो, सातशे वीस वेळा झाकण काढलं. आणि आज, खिडकीतून सगळं इतकं छान दिसत होतं. यांना हसले होते त्याची शिक्षा. हे म्हणाले नाहीत तसं. आधी जरा हसले, पण पाठ वळवून.

ठकी म्हणाली, "एक पुसू या, दुसरा काढू. पाच सेकंदांचं काम."

मी म्हटलं, "माझं व्रत आहे. मी पुसणार नाही, आणि तूही नाही. काच मामंजींची आहे, म्हणजे दोन्ही घरांची. एकाने पुसला तर दुसरा आणखी दहा वर्षं धरून बसेल. कुठला पुसायचा ते दोघांनी मिळून ठरवा, नाहीतर राहू दे."

आणि मी रडायला लागले, त्यामुळे कुणाला वाद घालता येईना.

दोघे पायरीवर बसले, मधे कॅमेरा. ऊन तिरपं झालं होतं, पडद्यावर काही दिसेना. भाऊजींनी कोट काढला आणि दोघांच्या डोक्यावरून ओढून घेतला. आम्ही तिघी बाहेर. आम्हाला कोट दिसत होता आणि कोटाखालून चार पाय. आतून आवाज येत होते.

"हा पुस. चमचा आहे."

"चमचा कसला? आईची पळी ती."

"आईची पळी मोठी होती."

"तू लहान होतास, बाळ्या."

मग काही वेळ नुसती टकटक.

"हे झाकण पुस."

"याचं भांडं आमच्याकडे आहे."

"आमच्याकडे झाकण, तुमच्याकडे भांडं?"

"म्हणजे मी दहा वर्षं दुधावर ताटली ठेवतोय ती यासाठी!"

"ही शिट्टी बघ. वाजते अजून?"

"वाजवली नाही मी."

"का?"

"तुझी होती ना ती."

जाऊबाईंनी माझा हात धरला. त्यांना उभं राहून कळ लागली असावी.

मग आतून भाऊजींचा आवाज, अगदी कोर्टातला. "तीनशे एकोणनव्वद."

शिडी.

"हे बटण दाब, मोठं होतं," हे म्हणाले. "आणखी दाब."

"थांब. इथे. ही खालून चौथी पायरी बघ. खिळा निघालाय. दिसतो?"

"दिसतो."

"तेव्हापासून निघालाय. म्हणून देत नव्हतो तुला. पडला असतास."

"मग तसं सांगायचं ना!"

"सांगत होतो! तू तोवर आत जाऊन दार लावलंस!"

"मला वाटलं, तू म्हणतोस शिडी तुझी."

"शिडी कुणाची असते रे, गाढवा!"

कोट खाली पडला. दोघे उठले आणि तसेच बोळात गेले. एकाने हातोडी मागितली, दुसऱ्याने खिळे. ठोकाठोक सुरू झाली ती उजेड जाईपर्यंत. मी चारदा जाऊन सांगितलं, "अहो, फोटो! ऊन चाललं!" कुणी ऐकलं नाही. ऊन गेलं. पुसला एकही नाही. जेवणं गार झाली, वर दोघे एकाच ताटाशी बसून वाद घालत होते की खिळा दोन इंची हवा की अडीच.

वहीत लिहिलं: क्र. ७४३. भाऊजी, जाऊबाई, ठकी, हे. काळा. झाकण.

सासूबाई, माफ करा. यंदाचा फोटो झाला नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून दोघे पुन्हा पायरीवर, कोटाखाली. काल मागेपुढे करत निम्मेच बघून झाले होते, उरलेले आज बघायचे म्हणे. पुसायचं काही ठरत नाही. प्रत्येक वस्तूवर काहीतरी निघतं. जाऊबाईंनी आमच्याकडची सात झाकणं नेली, पाचांना भांडी सापडली. बोळात दिवा लागला. हे शिडीवर, भाऊजी खाली धरून. "उजवीकडे फिरव." "मला कळतं." "तुला काय कळतं, डावीकडे फिरवतोयस." बोलत नव्हते तेव्हा घरात शांतता तरी होती.

दुपारी भाऊजींनी काय सांगावं? कालचा फोटो मोठा करून आणायचा आणि बोळात लावायचा, दिव्याखाली. मला वाटलं थट्टा करताहेत. यांनीही मान डोलावली.

मी म्हटलं, "अहो, तो काळा आहे. त्यात काय दिसतं?"

"त्यात आम्ही आहोत की," भाऊजी म्हणाले. "आम्ही उभे होतो, साक्षीदार आहे मी. फक्त झाकणाखाली आहोत."

"जवळजवळ उभे होतो," हे म्हणाले.

दोघांचं एकमत झालं की माझं काही चालत नाही. पण फोटो मोठा करून आणायचा, चौकट करायची, काच बसवायची, आणि आत सगळा काळोख! मी सरळ सांगितलं, एवढंच हवं असेल तर माझ्याकडे काळं अस्तर आहे. मामंजींच्या कॅमेऱ्याच्या फाटक्या पडद्यासाठी काढून ठेवलेलं. तेच लावा चौकटीत. कुणाला काही फरक कळणार नाही.